अर्धं पान

दुसरीला मी घरचा अभ्यास देत नाही.
म्हणजे देते. अर्धं पान.
पाच शब्द, तीन बेरजा, त्याही हातच्याच्या नाहीत.
खालचं अर्धं पान कोरं.
त्यात होडी काढा, कोंबडी काढा,
नाहीतर राहू दे तसंच.

यावर परवाच्या पालकसभेत बराच वेळ गेला.
देवगडच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी
आता खाडीच्या पुलापर्यंत येते,
तिच्यातून उतरणाऱ्या पोरांची दप्तरं आया वाहतात,
आणि त्या फुगलेल्या दप्तरांकडे
आमच्या वाडीतली माणसं
नव्या इंजिनाकडे बघावं तशी बघतात.
"आणि हयसर काय, बाई? अर्धा पान?"
अर्धं हा शब्द कुणीतरी
वास मारणाऱ्या सुरमईसारखा
परत आणून टेबलावर ठेवला.

मी म्हणाले, सात वर्षांची बोटं,
पेन्सिल धरून लवकर दुखतात.
मी म्हणाले, झोप. मी म्हणाले, खेळ.
हे नाही म्हणाले, की त्या पिवळ्या गाडीत
खिडकीशी माझा ओजस असतो;
की रोज रात्री दहाला, भांडी आवरली की
तो पेंगतो आणि मी ओट्यावर वही उघडून
डाव्या हाताने त्याचं अक्षर काढते.
त्याच्या दुसरीत मीच बसते.
परवा मला "व्हेरी गुड" मिळालं,
चांदणीसकट.

सभा संपली. दिगंबर तारी तेवढा थांबला,
चपला बाहेर, टोपी हातात, अंगाला डिझेलचा वास.
"बाई, आमच्या चेडवाक वायच जास्त देवा."
माझं उत्तर तोंडपाठ होतं. मी सुरूही केलं.
तो ऐकत राहिला, मग म्हणाला,
"बारा दिवस मी बोटीर. दोन दिवस घरात.
ता माझ्याकडे येणा नाय, दारातसून बघता.
अभ्यास असलो काय वही घेवन बाजूक बसता.
अर्धा पान धा मिन्टांत सपता, बाई.
मगे उठता."

मला पुढे काही सुचलं नाही.
बाहेर पेडवे वाळत घातले होते,
कावळ्यांवर कुणीतरी ओरडत होतं.

पुढच्या खेपेला बोटी बंदराला लागल्या
तेव्हा दुर्वाच्या वहीत एकच प्रश्न लिहून दिला:
बोटीवर भात कोण शिजवतो?
आणि सांगितलं, पानभर हवं.

दुसऱ्या दिवशी वही आली.
अक्षर दुर्वाचं नव्हतं.
मोठं, दाबलेलं, मागच्या बाजूला उमटलेलं,
दोरखंड ओढावा तशी शिरोरेघ ओढलेली:
"भात मी शीजवतो.
वारा असला तर टोप बांधून ठेवतो.
दुर्वाला आवडतो तसा मऊ नाय होत."
आणि अर्ध्या पानावर संपलेलं.

डाव्या हाताने चांदण्या मिळवणारी मी,
कुणाला काय बोलणार?
तरी लाल पेन उघडलं.
चुकलेल्या वेलांटीभोवती गोल केला,
जसा कुणाच्याही करते,
आणि समासात लिहिलं, पाच वेळा लिहा.

बारा दिवस खालचं अर्धं पान कोरं राहिलं.
दुर्वाने त्यात होडीसुद्धा काढली नाही.
पान उलटून पुढचं लिहायची.
विचारलं तर म्हणाली, "ता बाबांचा हा."

मग एका मंगळवारी, वह्यांच्या ढिगात,
तांदळाचं एक शीत चिकटलेलं ते पान:
शिजवतो
शिजवतो
शिजवतो
शिजवतो
चार त्याच्या हातची.
पाचवं पेन्सिलीने, लहान,
ओळीवरून खाली घसरलेलं,
वेलांटी उलटी.